उष्मांकांची बखर

हल्ली जेवायला बसल्यावर चित्राहुती घालणारे थोडे आणि मोबाइल काढणारे फार. पानात काय काय वाढलंय ते त्या यंत्राला सांगायचं, मग ते उष्मांक सांगतं, आणि मग घास उचलायचा की ठेवायचा ते ठरतं. हे मुंबई-पुण्याचं खूळ आहे असं कोणी समजू नये. आमच्या सावर्ड्यापर्यंत ते केव्हाच येऊन पोचलंय. सावर्डे हे चिपळूणच्या दक्षिणेला, मुंबई-गोवा रस्त्यावरचं गाव. रेल्वेच्या दप्तरी ते ‘सावर्डा’ आहे, पण तो वाद पुन्हा कधीतरी. गाव काताच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. म्हणजे लोकांचं पान रंगवण्यात आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हातभार. आता स्वतःच्या पानात काय पडतं ते मोजायची पाळी आमच्यावर आली आहे.

हे मोजमाप करणारी जी ॲपं असतात, त्यांच्या पोटात पदार्थांची एक अवाढव्य यादी असते. गेलं वर्षभर मी ती यादी एखाद्या ग्रंथासारखी वाचली. निवृत्त माणसाला वेळ असतो. पुस्तकाचं परीक्षण छापून येतं, नाटकाचं येतं, सिनेमाचं तर सिनेमा लागायच्या आधी येतं. मग सकाळ-दुपार-संध्याकाळ लोक ज्याचं पारायण करतात आणि ज्याच्या आज्ञेवरून लाडू परत डब्यात ठेवतात, त्या ग्रंथाचं परीक्षण का होऊ नये?

प्रथम लेखकाविषयी. या ग्रंथाचे लेखक तुम्ही-आम्ही. कंपनी थोडेफार पदार्थ स्वतः भरते आणि उरलेलं काम गिऱ्हाइकांवर सोपवते. तुमचा पदार्थ यादीत सापडला नाही, तर तुम्हीच त्याचं नाव लिहा, पुढे आकडे घाला आणि बटण दाबा. झालं प्रकाशन! संपादक नाही, मुद्रितशोधक नाही, ‘साभार परत’ नाही. आयुष्यभर साभार परत आलेल्या लेखांची एक फाइल माझ्या कपाटात आहे. त्या मानाने ही व्यवस्था फारच उदार म्हटली पाहिजे. दुसऱ्या दिवशी नागपूरला कोणीतरी तोच पदार्थ शोधतो आणि पहिली दिसलेली नोंद उचलतो. दहा जणांनी उचलली की ती वर चढते, वर चढली की शंभर जण उचलतात. मतांच्या जोरावर सरपंच निवडून येतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मतांच्या जोरावर घावनातलं पीठ कमी-जास्त होत नाही.

घावनाचंच घ्या. मी शोधायला गेलो तर एका घावनाची पाच घावनं निघाली. एकाचे ४० उष्मांक, एकाचे ९५, तिसऱ्याचे २१०, चौथ्याचे ३४५ आणि पाचव्याचे शून्य. शून्यवाल्याने बहुधा एकादशीच्या दिवशी नोंद केली असावी. त्यातला ३४५ हा आकडा मात्र ओळखीचा वाटला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ साली भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते काढले, त्यांत शंभर ग्रॅम कच्च्या तांदळाला हाच आकडा आहे. म्हणजे या गृहस्थांनी तक्ता उघडला होता. तांदळाच्या ओळीवर बोटही ठेवलं होतं. फक्त तांदूळ आणि घावन यांच्या मधलं जातं, पाणी, तवा आणि घरची बाई एवढं सगळं वगळलं.

भाताची तर याहून दुर्दशा. शंभर ग्रॅम तांदूळ शिजला की पाणी पिऊन त्याचा अडीच-तीनशे ग्रॅम भात होतो. साहजिकच शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात १३०च्या आसपास उष्मांक उरतात. पण यादीत ‘भात, १०० ग्रॅम, ३४५’ अशी नोंद मानाने बसलेली आहे. दुपारी तीनशे ग्रॅम भात खाणाऱ्या कोकणी माणसाच्या खात्यावर ३९०च्या जागी १०३५ उष्मांक पडतात. बिचारा रात्री पेज पिऊन झोपतो आणि वजन का उतरतंय म्हणून सकाळी डॉक्टरकडे जातो.

नाचणीची गंमत आणखी वेगळी. त्याच संस्थेने २०१७ साली नवे तक्ते काढले. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ प्रयोगशाळेत तपासले. काम अस्सल. पण त्यात ऊर्जा दिली आहे किलोज्यूलमध्ये. शंभर ग्रॅम नाचणीला सुमारे १३४२ किलोज्यूल, म्हणजे ४.१८४ने भागल्यावर ३२१ उष्मांक. भागाकार कोण करतो? कोणा उत्साही माणसाने १३४२ हाच आकडा उष्मांकांच्या रकान्यात बसवून दिला. आता दोन भाकऱ्या खाल्ल्या की ॲप जवळजवळ हात जोडून सांगतं की, आजचं तुमचं जेवण झालं, उद्या या.

नावांचा घोळ निराळाच. बऱ्याच नोंदी रोमन लिपीत असतात, आणि त्या लिपीत वडा आणि वाडा एकच. ‘मोदक, एक नग’ एवढंच लिहिलेलं असतं. आता हा मोदक उकडीचा, तळणीचा, की मिठाईवाल्याकडचा पेढ्याचा? तिघांची घराणी वेगळी, तुपाशी असलेले संबंध वेगळे. एका नोंदीत सोलकढीच्या पेल्याला १२ उष्मांक दिलेत. लिहिणाऱ्याने आमसुलं मोजली आणि नारळ सोडून दिला. ओल्या खोबऱ्याला शंभर ग्रॅममागे ४४४ उष्मांक असतात, आणि सोलकढीत नारळ कमी पडला तर आमच्याकडे पाहुणा दिसेपर्यंत वाढणाऱ्याविषयी बोलत नाहीत, एवढंच, नंतर बोलतात.

या वाङ्मयप्रकाराला काय म्हणावं, याचा मी पुष्कळ विचार केला. कादंबरी म्हणावं तर नायक नाही, काव्य म्हणावं तर वृत्त नाही. शेवटी लक्षात आलं की ही बखर आहे. ऐकीव मजकूर, ठणठणीत आत्मविश्वास आणि आकड्यांच्या बाबतीत सढळ हात, ही बखरीची सगळी लक्षणं इथे आहेत. बखरीची झडती कशी घ्यावी हे मराठी माणसाला शिकवायची गरज नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हाच ते दाखवून ठेवलंय. स्थळ कुठलं, काळ कुठला, व्यक्ती कोण, ते आधी जुळवून पाहा. आणि अस्सल कागद असेल तर पुढे करा.

हीच कसोटी इथे लावू. स्थळ म्हणजे कुठलं घावन? सावर्ड्याचं जाळीदार, की दुसरीकडचं जाड धिरडं? काळ म्हणजे शिजण्यापूर्वीचं वजन की नंतरचं? पाकीटबंद माल असेल तर कुठल्या साली छापलेलं पाकीट? कारण कंपन्या पाककृतीही बदलतात आणि पुडाही बारीक करतात, जुनी नोंद मात्र तशीच राहते. आणि व्यक्ती म्हणजे कोणाची वाटी? १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, शेर, पायली, अधोली सगळ्यांना निरोप मिळाला. वाटी मात्र त्यातून साळसूदपणे निसटली. आमच्या एका घरात चार मापांच्या वाट्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी माझ्यापुढे येते आणि हिशेबात सर्वांत धाकटीचं नाव लागतं.

आणखी एक कसोटी आहे, ती कोणालाही जमेल. विल्बर ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना खोलीएवढ्या पेटीत बसवून त्यांच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. त्याच्या कामातून जो हिशेब निघाला तो आजही चालतो. एक ग्रॅम प्रथिनांचे चार उष्मांक, एक ग्रॅम कर्बोदकांचे चार, एक ग्रॅम स्निग्धाचे नऊ. तांदळाच्या तक्त्यात प्रथिनं ६.८, स्निग्ध ०.५, कर्बोदकं ७८.२ आहेत. गुणाकार करून बेरीज केली की ३४४.५ येतात, म्हणजेच ते ३४५. कागद अस्सल! आता यादीतला एक बटाटेवडा पाहा. उष्मांक ९०, प्रथिनं ५, स्निग्ध १५, कर्बोदकं ३०. गुणाकार केला तर २७५ होतात. वड्याच्या पोटात वड्याहून मोठा वडा. चौथीतल्या पोराने पकडावी अशी ही चोरी यंत्राला मात्र सापडत नाही, किंवा कोणी त्याला पकडायला सांगितलेलं नाही.

इथपर्यंत सगळी गंमतच. माझ्यासारख्याच्या पोटात एक वडा इकडे-तिकडे झाला तर देशाचं काही बिघडत नाही. पण ही यादी माझ्यासारख्यांपुरती राहिलेली नाही.

माझी पुतणी पुण्याला शिकते. लहानपणापासून तिला मधुमेह आहे, इन्शुलिनवाला. तिला उष्मांकांचं फारसं देणंघेणं नाही, तिला कर्बोदकं मोजावी लागतात. जेवणात ती किती, त्यावर इन्शुलिनचं माप ठरतं. कमी पडलं तर साखर चढते. जास्त झालं तर साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि वेळेवर काही गोड पोटात गेलं नाही तर शुद्धही जाते. मे महिन्यात ती घरी आली होती. सकाळी वहिनींनी घावनं घातली. पोरीने मोबाइल पाहिला. ‘घावन, एक नग, कर्बोदकं ४५ ग्रॅम.’ ती म्हणाली, “तीन खाणार, म्हणजे १३५.”

वहिनी तव्यावरून मान न उचलता म्हणाल्या, “कसले एकशे पस्तीस? मी पीठच मुळी दोनशे ग्रॅम घेतलंय, आणि त्याची आठ झाली. भाऊजी, करा बघू हिशेब.”

दोनशे ग्रॅम पिठात कर्बोदकं साधारण १५६ ग्रॅम. भागिले आठ, म्हणजे एका घावनात साडेएकोणीस. तीन घावनांचे साठाच्या आत. मोबाइलच्या शब्दावर जाऊन सुई टोचली असती, तर इन्शुलिन दुपटीहून जास्त गेलं असतं. पुतणीने शांतपणे आकडा बदलला आणि घावनं खाल्ली. तिला याची सवय आहे. मला नाही. ही ४५ ग्रॅमवाली नोंद ज्याने केली, तो माणूस वाईट नसणार. एखाद्या रविवारी हौसेने, अंदाजाने लिहून गेला असेल. पण त्याचा अंदाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचला होता.

दुसरी बाजूही आहे. आमच्या शेजारीच डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तिथल्या संशोधकांनी या जिल्ह्यातल्या सोळा ते अठरा वर्षांच्या मुलींचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा कितीतरी मुली वजनाने कमी आढळल्या. अशा एखाद्या मुलीने यादीतला १०३५ उष्मांकांचा भात पाहिला आणि रात्रीची भाकरी सोडली, तर? खोटा हिशेब जाड्याला फसवतो तसा रोडक्यालाही फसवतो, आणि रोडक्याकडे शिल्लक कमी असते.

परीक्षणकर्त्याने गुणही सांगावेत असा दंडक आहे, म्हणून सांगतो. ही बखर लिहिणाऱ्यांनी एक मोठी उणीव ओळखली, हे त्यांचं श्रेय. सरकारी तक्ते कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ साली पहिल्यांदा निघाले, पुढे हैदराबादेत वाढले. पण त्यांचा भर धान्य, डाळी, भाज्या, फळं, मासे यांवर. माणूस तांदूळ खात नाही, घावन खातो. कुळीथ खात नाही, पिठी खातो. शास्त्रज्ञ तांदळापाशी थांबले आणि ताट रिकामं राहिलं. त्या रिकाम्या जागेत लोकांनी आपापला अंदाज वाढला. सांदणापासून खापरोळीपर्यंत पदार्थ यादीत आले, ते कोणा विद्वानाने आणलेले नाहीत, खाणाऱ्यांनी आणलेत. बखरी नसत्या तर कितीतरी नावं आपल्याला कळलीच नसती, तसंच हे.

पण नावं कळण्यापुरती बखर वाचावी, हिशेबाला धरू नये. ॲप चालवणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. नोंदीबरोबर वजन विचारा, कच्चं की शिजलेलं ते विचारा, आकडा कुठून घेतला ते विचारा, तारीख टाका. चार-चार-नऊचा गुणाकार जुळला नाही तर नोंद साभार परत करा. मासिकांचे संपादक एवढं करू शकतात, तर तुमचं यंत्र का करू शकणार नाही? रिकाम्या रकान्यात आपोआप शून्य भरू नका. ठाऊक नसणं आणि नसणं यांत फरक आहे. आणि खाणाऱ्यांनी मोजल्याशिवाय बटण दाबू नये. स्वयंपाकघरातला तराजू काही सोन्याच्या भावाने मिळत नाही.

वहिनींच्या फडताळाच्या दाराला आतून एक वहीचं पान चिकटवलेलं आहे. घावन, आंबोळी, तांदळाची भाकरी, पिठी, असे बावीस पदार्थ त्यावर आहेत. प्रत्येकापुढे पीठ किती, नग किती, तारीख कुठली. दोन ठिकाणी खाडाखोड करून नवं वजन लिहिलंय, कारण मधल्या काळात तवा बदलला. सावर्ड्यात या विषयावरचं अस्सल साधन म्हणाल तर माझ्या पाहण्यात हेच एक आहे. पुतणीने पुण्याला जाताना त्याचा फोटो काढून नेला.