अवशेष, संहिता आणि पाहुणा वाचक : व्हिटबीच्या मठाच्या निमित्ताने

यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, उत्तर समुद्राच्या कड्यावर उभा असलेला व्हिटबीचा भग्न मठ इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकाला एका विचित्र अडचणीत टाकतो. इंग्रजी काव्याचा आरंभ येथे झाला, असे वाङ्मयेतिहास सांगतात. हिल्डा या मठाधिकारिणीने इ. स. ६५७ मध्ये स्थापन केलेल्या मठात केडमन हा निरक्षर गुराखी एका रात्री कवी झाला, ही ती कथा. परंतु आज कड्यावर दिसणाऱ्या टोकदार कमानींचा त्या मठाशी स्थळापलीकडे काहीही संबंध नाही. हिल्डाचा मठ नवव्या शतकात डेन आक्रमकांच्या काळात नष्ट झाला, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात बेनेडिक्टाइन भिक्षूंनी तेथे नव्याने वसाहत केली आणि आज दिसते ते बांधकाम मुख्यतः तेराव्या शतकापासूनचे आहे. गावाचे नावदेखील जुने नव्हे. भिक्षू-इतिहासकार बीड या स्थळाला स्ट्रेओनशाल्ख म्हणतो. ‘व्हिटबी’ हे नाव डेन वसाहतवाल्यांच्या भाषेतले आहे. म्हणजे पाहुणा जेथे आरंभ पाहायला जातो, तेथे त्याला उत्तरकालीन वास्तू आणि नाश करणाऱ्यांच्या भाषेतले नाव एवढेच मिळते.

अशा स्थळी विरचनावादी समीक्षेचा निष्कर्ष तयारच असतो : मूळ अनुपस्थित आहे, उरतात ते केवळ माग, आणि म्हणून कोणतेही वाचन दुसऱ्यापेक्षा अधिक अधिकृत ठरत नाही. यातील पहिले दोन टप्पे व्हिटबीच्या बाबतीत बव्हंशी खरे आहेत. तिसरा मात्र त्यांतून निघत नाही.

प्रथम केडमनची कथा. बीडच्या इंग्रज धर्मेतिहासात (इ. स. ७३१) ती चौथ्या खंडात येते. मेजवानीत वीणा हातोहात फिरू लागली की केडमन उठून जाई. एके रात्री तो गोठ्यात झोपला असता स्वप्नात कोणी त्याला सृष्टीच्या आरंभाविषयी गायला सांगितले आणि त्याने गायिले. सकाळी तो कारभाऱ्याकडे गेला, कारभाऱ्याने त्याला हिल्डापुढे नेले, विद्वानांनी त्याची परीक्षा घेतली व मग तो मठात दाखल झाला. मराठी वाचकाला येथे तुकारामांच्या स्वप्नाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पांडुरंगासह नामदेव स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्व करण्यास सांगितले, हे तुकारामांच्या अभंगांतूनच आपल्याला कळते. साम्य खरे असले तरी महत्त्वाचा आहे तो भेद. तुकारामांचे स्वप्न त्यांच्या स्वतःच्या शब्दांत येते. केडमनचे स्वप्न येते ते एका लॅटिन लेखकाच्या तृतीयपुरुषी निवेदनातून. शिवाय बीड मूळ गीत देत नाही. तो त्याचा लॅटिन आशय देतो आणि काव्याचे शब्दशः भाषांतर केल्यास त्याची शोभा व प्रतिष्ठा उणावते, अशी कबुली जोडतो. आपल्या परंपरेच्या आद्य कवीला परकीय भाषेत नोंदवताना भाषांतराची मर्यादा सांगणारा हा इतिहासकार सैद्धांतिक जाणिवेत आजच्या कित्येक भाषांतरमीमांसकांच्या पुढे आहे.

मूळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नऊ ओळी बीडच्याच ग्रंथाच्या हस्तलिखितांतून, लॅटिन मजकुराच्या आसऱ्याने टिकल्या. आठव्या शतकातील दोन हस्तलिखितांपैकी सेंट पीटर्सबर्ग येथील प्रतीत त्या पानाच्या तळच्या समासात आहेत, तर केंब्रिज येथील प्रतीत ग्रंथाच्या शेवटी. त्या लॅटिनवरून उलट रचल्या गेल्या असाव्यात, असाही पक्ष मांडला गेला आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मठाच्या आवारात उत्खनन झाले तेव्हा हिल्डाच्या काळाशी जोडता येणाऱ्या वस्तूंत लेखनाच्या शलाका सापडल्या. निरक्षर कवीच्या जागी जमिनीतून निघाली ती लिहिणाऱ्यांची हत्यारे. केडमनचे गीत ज्यांच्यामुळे उरले त्यांचा हा पुरावा आहे. ज्याने ते गायिले त्याचा नव्हे.

आता आधुनिक पाहुण्यांकडे वळता येईल. वॉल्टर स्कॉटच्या ‘मार्मियन’ (१८०८) या कथाकाव्यात १५१३ साली व्हिटबीची मठाधिकारिणी आपल्या जोगिणींसह नौकेतून लिंडिसफार्न बेटावर जाते. त्या वर्षी व्हिटबी येथे जोगिणी नव्हत्या. तो पुरुषांचा मठ होता. लिंडिसफार्न येथील जोगिणींचा मठ तर सर्वस्वी काल्पनिक असल्याचे स्कॉटने स्वतःच टिपणांत मान्य केले आहे. हिल्डाने सापांचे दगड केले, ही आख्यायिका स्कॉटच्या जोगिणी सांगतात. तिचा आधार कड्यात सापडणारे शंखाकृती जीवाश्म. पुढे विक्रेते त्यांवर सापाची डोकी कोरून ते पाहुण्यांना विकत. स्कॉटची पद्धत याहून फारशी वेगळी नाही. अवशेषाला जे डोके नाही ते तो कोरून देतो. ‘मार्मियन’चा वेग आणि रंग मान्य करूनही हे म्हणावे लागते.

ब्रॅम स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात व्हिटबीला राहिला. (‘ड्रॅक्युला’ हे नाव त्याला तेथील वाचनालयातल्या एका पुस्तकात मिळाले.) १८९७ च्या कादंबरीत मीना आपल्या रोजनिशीत मठाचे वर्णन करते : डेन लोकांनी लुटलेला, ‘मार्मियन’मधील मुलीला जेथे भिंतीत चिणले तो. दोन्ही विधाने चुकीची आहेत. डेन लोकांनी लुटलेला मठ हा नव्हे, आणि स्कॉटच्या काव्यात मुलीला चिणतात ते लिंडिसफार्न येथे. मीना दगड पाहत नाही. ती वाचलेले काव्य दगडावर पाहते. चूक लेखकाची की पात्राची, हा प्रश्न येथे अनिर्णित ठेवता येतो, कारण कादंबरी लगेचच स्वेल्स या म्हाताऱ्या खलाशाला पुढे आणते. मठातील शुभ्रवसना स्त्रीविषयी मीनाने विचारताच तो या गोष्टी बाहेरून येणाऱ्या सहलकरूंसाठी असल्याचे सांगून झटकून टाकतो. पुढे तो शेजारच्या सेंट मेरीच्या दफनभूमीकडे बोट दाखवतो. येथील शिळा खोटे बोलतात : ज्यांच्या नावे त्या उभ्या आहेत ते खलाशी समुद्रात गेले, खाली कोणीही नाही.

अनुपस्थितीचा एवढा नेमका सिद्धांत समुद्रकाठच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडी यावा, हे स्टोकरचे श्रेय आहे. पण स्वेल्स सर्व शिळा सारख्याच अर्थहीन मानत नाही. कोणती शिळा खोटी आणि का, हे तो नावानिशी सांगू शकतो, कारण त्या माणसांचे मरण त्याला ठाऊक आहे. विरचनावादी वाचनाने सोडलेला दुवा नेमका हा. चिन्हाखाली देह नाही हे कळण्यासाठी देह कोठे गेला हे कोणीतरी जाणत असावे लागते.

वर्ड्स्वर्थच्या टिंटर्नविषयीच्या १७९८ च्या कवितेसंबंधी मार्जरी लेव्हिन्सनने १९८६ मध्ये केलेली मांडणी येथे आठवते. शीर्षकाखेरीज कवितेत मठ नाही, आणि हे मौन इतिहासाचे दमन आहे, असा तिचा आरोप. त्यावर बरीच टीका झाली. पण तिचे वाचन खोडता येते, ते तपासण्याजोगे आहे, हीच त्याची ताकद. व्हिटबीच्या बाबतीत तपासणी आणखी सोपी आहे, कारण अवशेष स्वतःच बदलत राहिला. १५३९ मध्ये मठ विसर्जित झाला. मधला मनोरा १८३० मध्ये कोसळला. डिसेंबर १९१४ मध्ये जर्मन युद्धनौकांच्या तोफांनी पश्चिमेकडील दर्शनी भागाची हानी केली. ‘मार्मियन’ लिहिले गेले तेव्हा मनोरा उभा होता, स्टोकरने तो पाहिला नाही. ‘शाश्वत भग्नता’ हा समीक्षेतला लाडका शब्दप्रयोग या तारखांपुढे टिकत नाही.

‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाल्यानंतर एका वर्षाने, १८९८ मध्ये, त्याच दफनभूमीत केडमनच्या स्मरणार्थ उंच क्रूस उभारला गेला. त्याचे अनावरण राजकवी आल्फ्रेड ऑस्टिन याने केले. क्रूसाखाली केडमन नाही, हे सांगायला स्वेल्स तेथे नव्हता. कादंबरीत तो आदल्या वर्षीच, त्याच दफनभूमीतील बाकावर, मान मोडलेल्या अवस्थेत मृत सापडला होता.