अनुदानाची शेड आणि विणकराची मजुरी

29 फेब्रुवारी 2008 रोजी तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्प मांडताना सहा ठिकाणी 'मेगा क्लस्टर' उभारण्याची घोषणा केली. हातमागासाठी वाराणसी आणि शिवसागर, हस्तकलेसाठी नरसापूर आणि मुरादाबाद, यंत्रमागासाठी इरोड आणि आपली भिवंडी. प्रत्येक ठिकाणी साधारण 70 कोटी रुपये लागतील असा अंदाज होता आणि सुरुवातीला 100 कोटींची तरतूद होती. भिवंडीचं नाव यंत्रमागाच्या रकान्यात पडलं. हीच यादी शंभर वर्षं आधी निघाली असती, तर ते हातमागाच्या रकान्यात असतं. पारंपरिक उद्योगांच्या पुनरुज्जीवनावर बोलताना हा बदल कसा झाला ते आधी पाहायला हवं.

1857 च्या धामधुमीनंतर आझमगड, मऊ, अलाहाबाद या भागांतली मोमीन विणकर कुटुंबं दक्षिणेकडे निघाली. काही बऱ्हाणपूर-मालेगावात थांबली, काही भिवंडीपर्यंत आली. त्यांनी इथे खड्ड्याचे माग मांडले, लुगडी विणली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच घरांमध्ये वीज आणि यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग इथे नव्याने फिरू लागले. पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती पद्मानगरात झाली. तेही पिढीजात हातमागवाले होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांचं बरंच काम या गल्ल्यांकडे वळलं.

म्हणजे भिवंडीचं क्लस्टर सरकारी योजना येण्याच्या कितीतरी आधी तयार झालं होतं. एका गल्लीत सायझिंग, पलीकडे वार्पिंग, कोपऱ्यावर फणी-धोटे विकणारा, शेजारी जॉबर. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटचा व्यापारी सूत द्यायचा आणि ग्रे कापड उचलायचा. या व्यवस्थेत शोषण होतं. पिकामागे, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, ठरणारी मजुरी कारखानदाराच्या हातात नव्हती आणि बारा तासांची पाळी करणाऱ्या मजुराच्या हातात तर काहीच नव्हतं. तरीही रोज सकाळी माग चालू व्हायचे, कारण संध्याकाळी कापड उचलणारा माणूस ठरलेला होता. माझ्या मते कारागिरांच्या समूहाला जिवंत ठेवणारी गोष्ट हीच आहे, आणि सरकारी योजनांमध्ये नेमकी तीच सर्वांत अशक्त असते.

केंद्र सरकारची 'स्फूर्ती' योजना 2005 साली सुरू झाली आणि 2014 मध्ये तिची नव्याने आखणी झाली. खादी, ग्रामोद्योग, काथ्या यांतल्या कारागिरांना एकत्र आणायचं, त्यांची एक संस्था नोंदवायची, समाईक सुविधा केंद्र बांधायचं, यंत्रं आणायची, प्रशिक्षण द्यायचं, असा तिचा आराखडा आहे. आजच्या निकषांत पाचशेपर्यंत कारागिरांच्या समूहाला अडीच कोटी आणि त्याहून मोठ्या समूहाला पाच कोटींपर्यंत मदत मिळते. कल्पना चांगली आहे. एकटा बुरूड बांबूवर प्रक्रिया करण्याची टाकी विकत घेऊ शकत नाही, पण दोनशे बुरूड मिळून ती वापरू शकतात.

अडचण खर्चाच्या वाटणीत आहे. पैशाचा मोठा भाग इमारत आणि यंत्रांवर जातो, कारण ते दाखवता येतं, मोजता येतं, त्याची फीत कापता येते. बाजारपेठ, नमुने, कच्चा माल आणि खेळतं भांडवल यांना उरलेला वाटा मिळतो. प्रकल्प अहवालात किती चौरस फूट बांधकाम झालं ते सापडतं. तीन वर्षांनी कारागिराला दिवसाला किती मिळू लागले, ते त्यात ठळकपणे असायला हवं. संस्थेचे पदाधिकारी बरेचदा गावातले व्यापारी किंवा पुढारी असतात आणि कारागिराचं नाव फक्त सभासद यादीत असतं. अशी शेड ज्याची मालमत्ता होते, त्याचा धंदा वाढतो.

कलेची अवस्था पाहायची तर येवल्याला जावं. पैठणीचा पदर विणताना प्रत्येक रंगासाठी वेगळी तिल्ली असते. मोर, मुनिया, आसावली हे सगळं बोटांनी धागे गुंतवून उमटवलं जातं, म्हणून अस्सल पैठणीची मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ दिसते. भारी पदराला महिनोन्महिने लागतात. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. आज दुकानात मात्र 'सेमी पैठणी' नावाची यंत्रमागावरची साडी काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत उघड विकली जाते, आणि लग्नाच्या बस्त्याला आलेल्या घराला फरक सांगणारं कोणी नसतं. तरी पैठणी तगून आहे. मराठी घरांत तिला मान आहे, मागणी आहे आणि येवल्यात थेट विणकराच्या दारात गिऱ्हाईक पोचतं. हिमरू या कापडाच्या वाट्याला ते आलं नाही. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) ते विणणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली.

घोंगडीची गोष्ट अधिक दुखावणारी आहे. दख्खनी मेंढीची लोकर कातरायची, सूत काढायचं, चिंचोक्याची खळ द्यायची, सनगर विणकरांनी खड्ड्याच्या मागावर ते विणायचं. मेंढपाळ, सूत काढणाऱ्या बाया आणि विणकर अशी तीन घरं एका घोंगडीवर चालत. मेंढ्या मांसासाठी पाळल्या जाऊ लागल्या, आखूड भरड लोकरीला भाव उरला नाही आणि कातरलेली लोकर ठिकठिकाणी टाकून दिली जाऊ लागली. इथे विणकरासाठी समाईक केंद्र बांधून काय साधणार? साखळी तुटली ती लोकरीच्या खरेदीशी. आधी मेंढपाळाला किलोमागे पैसे मिळाले पाहिजेत.

कायद्यानेही हातमाग वाचला नाही. 1985 च्या हातमाग आरक्षण कायद्याने सुरुवातीला 22 प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलं होतं. यंत्रमागवाले त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. पुढे ती यादीच 11 प्रकारांवर आली. तपासणीचा धाक कधी बसला नाही. हातमाग आणि यंत्रमाग दोघांच्याही पोटाचा प्रश्न आहे, म्हणून सरकारने दोघांनाही दुखवायचं टाळलं, आणि या टाळाटाळीत हरला तो हातमाग. चौथ्या हातमाग गणनेत, 2019-20 मध्ये, देशातली दोन तृतीयांश विणकर कुटुंबं महिन्याला पाच हजारांपेक्षा कमी कमावत असल्याचं दिसलं. एवढ्या कमाईवर कोणता विणकर आपल्या मुलाला मागावर बसवेल? 2020 साली तर अखिल भारतीय हातमाग मंडळ आणि हस्तकला मंडळ दोन्ही बरखास्त झाली. त्यांचे अधिकार मर्यादित होते, पण विणकराचा माणूस दिल्लीच्या टेबलाशी बसायचा, ती जागा गेली. 2023 च्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यांत बुरूड, चांभार, कुंभार आहेत, हातमाग विणकर नाही.

राज्याच्या 2023-28 च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी, घोंगडी आणि खण या पाच वस्त्रांच्या नोंदणीकृत विणकरांना उत्सव भत्ता ठरला: पुरुषांना 10 हजार, महिलांना 15 हजार. सणाला घरात पैसे येतात, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण त्याच धोरणातली दुसरी तरतूद मला जास्त महत्त्वाची वाटते. अंत्योदय शिधापत्रिकाधारक कुटुंबांना वर्षाला एक साडी द्यायची आणि ती राज्य यंत्रमाग महामंडळामार्फत घ्यायची. सरकार स्वतः गिऱ्हाईक झालं की माग चालतात, याची ही कबुली आहे. हातमागाला असं गिऱ्हाईक पूर्वी मिळालं होतं. 1976 मध्ये हातमागासाठी सुरू झालेल्या जनता कापड योजनेने अनेक वर्षं काम दिलं, पण स्वस्त आणि जाडेभरडे कापड विणता विणता विणकरांचा हात बिघडला. नव्वदच्या दशकात योजना गुंडाळली गेली तेव्हा बारीक काम विसरलेली एक पिढी मागे उरली. म्हणून नुसती खरेदी पुरत नाही. चांगल्या कामाची, चांगल्या दराने खरेदी हवी. सरकारी विश्रामगृहं, विद्यापीठांचे समारंभ, मंत्रालयातले सत्कार इथे शाल-श्रीफळाऐवजी करवत काठी आणि खण गेले, तर त्याला वेगळी शेड लागत नाही.

भिवंडीकडे परत वळू. 2017 च्या एप्रिलमध्ये 'पॉवरटेक्स इंडिया' योजना आली. त्याआधीपासून साध्या मागाला सेमी-ऑटोमॅटिक जोड देण्यासाठी छोट्या कारखानदाराला खर्चाचा काही हिस्सा मिळत होता. ही मदत उपयोगी होती. तरी शहरातले बहुतेक माग अजून साधेच आहेत आणि कित्येक भंगारात गेले. नोटाबंदी, वस्तू-सेवा कर, सुताच्या भावातले चढउतार आणि विजेचं बिल एकामागून एक अंगावर आले. जिथे माग होते त्या परिसरात आणि नाशिक महामार्गालगत मानकोली, पूर्णा, राहनाळकडे गोदामं उभी राहिली. गोदामाचं भाडं मागाच्या मजुरीपेक्षा खात्रीचं असतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हातमाग घेऊन आलेल्या घरांतला आजचा तरुण ऑनलाइन कंपनीच्या खोक्यांवर पट्ट्या चिकटवतो. त्याच्या आजोबांच्या बोटांत ताणा जोडण्याचं, वहिफणीचं जे कसब होतं, ते नोंदवून ठेवणारं संग्रहालयही या शहरात नाही.

क्लस्टर बंद करा, असं माझं म्हणणं नाही. मोजमाप बदला, एवढीच मागणी आहे. समाईक केंद्राला मंजुरी देण्याआधी किमान तीन वर्षांच्या खरेदीचे लेखी करार मागावेत. संस्थेच्या संचालक मंडळात निम्म्याहून जास्त जागा प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिरांना असाव्यात, त्यातही महिलांना, कारण हातमागावर काम करणाऱ्यांत देशभर बहुसंख्य त्याच आहेत. सूत उधारीवर देणारी पेढी अनुदानातून उभी करावी, म्हणजे विणकर सावकारी व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटेल. आणि प्रत्येक क्लस्टरमधल्या कारागिराची रोजची कमाई योजनेआधी किती होती आणि नंतर किती झाली, हे आकडे उद्योग विभागाने दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावेत. ज्या क्लस्टरमध्ये ही कमाई वाढलेली नाही, तिथे पुढचा हप्ता थांबवावा.