चाकाला रंग द्यावा की चमक?

नगर-मनमाड रोडवर राहुरीच्या आसपास एखाद्या चहाच्या टपरीवर तासभर बसा. उसाच्या ट्रॉल्या, दुधाचे टेम्पो, शिर्डीला निघालेल्या गाड्या यांच्या गर्दीत एखादी मॉडिफाय केलेली जुनी जीप नक्की दिसेल. बॉडी तीस-चाळीस वर्षांपूर्वीची, बॉनेट चपटं, पत्रा सरळसोट. आणि खाली आरशासारखे चमकणारे अठरा इंची अलॉय. रील्सवर अशा गाड्यांना भरपूर लाइक्स मिळतात. मला मात्र त्या बघताना काहीतरी खटकतं. 'आवड आपापली' म्हणून ते सोडून देता येईल, पण का खटकतं ते तपासलेलं बरं.

हे मी बाहेरून बोलत नाही. आमच्या घरी एमएम ५४० आहे. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यातून कित्येक वर्षं दुधाचे कॅन वाहिले. पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून मी तिला अलॉय घेतले. तात्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "बैलाच्या पायात बूट घातल्यावानी दिसतंय रे हे." मी दोन दिवस धुसफुसत होतो. आज वाटतं, या विषयावरची इतकी नेमकी समीक्षा मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

आधी प्रमाण बघू. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ६.००-१६ मापाचे टायर होते. म्हणजे सोळा इंची रिम आणि तिच्याभोवती साधारण सहा इंच उंचीचं रबर. जीपचं सगळं रूप या जाड रबरावर उभं आहे. मडगार्ड चौकोनी, दरवाजे नाहीत, वर कापडी हूड. अशा गाडीत डोळ्याला ठरायला एक गोल, भरीव वस्तू लागते आणि ते काम टायर करतो. तेवढ्याच जागेत अठरा इंची रिम बसवली की रबराची पट्टी होते. नजर टायरवर न थांबता चकाकणाऱ्या आऱ्यांवर जाते आणि गाडी उगाच पातळ, उपरी वाटायला लागते. रंगवलेलं स्टीलचं चाक इथे गप्प बसतं. ते स्वतःकडे लक्ष ओढत नाही, म्हणून पूर्ण गाडी दिसते.

मग शुद्धतावाद्यांचं ऐकायचं का? त्यांचं म्हणणं सोपं आहे : जीप म्हणजे मिलिटरी, तेव्हा बॉडी हिरवी आणि चाकंही हिरवी. नगरमध्ये या मताला वजन आहे, कारण हे रणगाड्यांचं गाव. १९९४मध्ये सुरू झालेल्या इथल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चिलखती गाडीपासून पॅटन रणगाड्यापर्यंत कितीतरी वाहनं उभी आहेत. लष्करी गाडीच्या चाकांना बॉडीचाच मळकट रंग देण्यामागे कारण असतं : उन्हात काही चमकू नये, शत्रूला दिसू नये. पण आमच्या दुधाच्या जीपला कोणापासून लपायचं होतं? शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्याच गाड्यांसाठी आहे. कधी सैन्यात न गेलेल्या गाडीला तारा आणि रेजिमेंटचा नंबर चिकटवणं म्हणजे दुसऱ्याची पदकं छातीवर लावून लग्नात मिरवणं. अलॉयवाल्यांचा खोटेपणा निदान उघड असतो. हा इतिहासाचा आव आणतो.

खरा इतिहास जास्त रंगीत आहे. युद्ध संपता संपता, १९४५मध्ये, विलीजने सीजे-२ए ही नागरी जीप काढली, ती मुख्यतः शेतकऱ्यांसाठी. तिच्या रंगजोड्या पाहा : कुरणासारखी हिरवी बॉडी आणि पिवळी चाकं, किंवा पिकल्या शेतासारखी तपकिरी बॉडी आणि लाल चाकं. शेतीच्या अवजारांना द्यावेत तसे हे रंग होते. भारतात महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. आमची ५४० त्याच घराण्यातली. म्हणजे रंगीत चाक हे जीपला बाहेरून लावलेलं सोंग नाही. नागरी जीप जन्मली तीच रंगीत चाकं घेऊन.

त्याच काळात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन कोरड्या तळ्यांवर शर्यती लावत होती. १९३२च्या फोर्डची मूळ तारेची चाकं काढून ते १९४०च्या फोर्डची स्टीलची चाकं बसवत आणि बऱ्याचदा लाल रंगवत. ही चाकं भंगारात स्वस्त मिळायची आणि मजबूत होती. आज ज्याला 'हॉट रॉड स्टाइल' म्हणून लोक लाखो रुपये मोजतात, ती खिसा रिकामा असताना केलेली निवड होती. गंमत म्हणजे त्या फोर्डच्या चाकांचे पाच बोल्ट साडेपाच इंची वर्तुळावर असायचे. जीपचंही माप तेच. मिलिमीटरमध्ये १३९.७. मारुती जिप्सीचंही तेच.

म्हणून कुठलंही चाक उचलून लावता येतं असं नाही. मधल्या भोकाचं माप आणि ऑफसेट वेगळा असू शकतो. रुंद चाक बाहेर काढलं की रुबाब येतो, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंग जड होतं. कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर बोलताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही.

अलॉयची बाजूही मांडायला हवी. ते हलके असतात, जास्त अचूक गोल असतात, ट्यूबलेस टायर नीट धरतात. नव्या गाडीला ते शोभतात. पण आमच्या रस्त्यांवर खड्ड्यात आपटल्यावर अलॉय बहुधा तडकतो, स्टील बहुधा वाकतं. वाकलेलं स्टील गावातला कारागीर ठोकून सरळ करतो. जी वस्तू आपल्या गावात दुरुस्त होते, ती आपल्या गावाची दिसते. मला सौंदर्याची ही व्याख्या पुरेशी वाटते.

शेवटी मी अलॉय विकले आणि भंगारातून पाच जुन्या रिम आणल्या. सुट्टीत स्वतः घासल्या, रेड ऑक्साइड मारलं, वर तीन जाड हात दिले. नटांच्या बैठकीवरही. इंजिनिअर असून एवढं सुचलं नाही. तात्या गाडी घेऊन श्रीरामपूरला निघाले. वाटेत पुढच्या चाकातून 'खट खट' आवाज आला आणि त्यांनी कानावर विश्वास ठेवून गाडी बाजूला घेतली. दोन नट ढिले झाले होते. नटाखालचा जाड रंग दाबाने चेपतो आणि पकड सुटते. मीच हौसेने दिलेला रंग माझ्या बापाच्या गाडीचं चाक काढायला निघाला होता. त्या रात्री सगळ्या बैठका पत्र्यापर्यंत घासल्या, बोल्टांच्या भोकांमध्ये चीर नाही ना ते बॅटरी लावून पाहिलं, नट टॉर्क रेंचने आवळले आणि पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा तपासले.

तेव्हापासून माझ्या समीक्षेत एक कसोटी वाढली : रंग कुठे द्यायचा नाही, हे ज्याला कळतं त्यालाच तो द्यायचा अधिकार. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो, अंगावर ठिपके काढतो, पण खुराला घट्ट काही बांधत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला चालायचं असतं.

आमच्या जीपची बॉडी आता फिकट मातकट आहे आणि चाकं गडद लाल. रंग तात्यांनीच निवडला. विचारलं तर म्हणाले, "आपल्या गाडीच्या चाकाला हाच रंग होता." कुठली गाडी ते मला कळायला जरा वेळ लागला. ते बैलगाडीबद्दल बोलत होते.