नियमात नसलेलं वर्तुळ

कागदावर एक बंदिस्त रेघ काढा. ती कितीही वेडीवाकडी असू दे, स्वतःभोवती वेटोळी घालू दे. स्वतःला छेदू नये, एवढंच. आता तिच्या प्रत्येक बिंदूला एकच आज्ञा : बाक ज्या बाजूला आहे त्या बाजूला सरक, आणि बाक जितका तीव्र तितका वेग वाढव. टोकं झपाट्याने मागे ओढली जातात, खाचा भरत येतात, सरळ भाग जवळजवळ जागच्या जागी राहतो.

सगळीकडून फुगीर असलेली रेघ आक्रसताना अधिकाधिक गोल होत एका बिंदूत विरते, हे मायकेल गेज आणि रिचर्ड हॅमिल्टन यांनी १९८६ साली सिद्ध केलं. मॅथ्यू ग्रेसन यांनी १९८७ मध्ये फुगीरपणाची अटच काढून टाकली. वेटोळं कितीही गुंतागुंतीचं असो, ते आधी उलगडतं, मग फुगीर होतं, मग गोल होत विरतं. पलीकडचा फाटा किती जवळ आलाय हे बिंदूला ठाऊक नसतं. तरी दोन फाटे कधीच भिडत नाहीत. नियमात वर्तुळाचा उच्चारही नाही, आणि शेवट मात्र वर्तुळाचाच!

या प्रमेयात मला सर्वांत मोह पडतो तो क्षेत्रफळाचा. ते ज्या दराने घटतं, तो दर म्हणजे रेघेवरच्या सगळ्या वळणांची बेरीज. रेघेवरून एक फेरी मारा : डावी-उजवी वळणं एकमेकांना खोडतात आणि शिल्लक राहतो बरोबर एक पूर्ण वळसा, म्हणजे २π. म्हणून दर कायम तोच. २ त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ४π, आयुष्य २ एकक. तेवढंच क्षेत्रफळ वेढणारं अक्राळविक्राळ वेटोळंही नेमकं त्याच क्षणी संपतं. आकार काहीही असो, आयुष्य क्षेत्रफळच ठरवतं.

रेघेने स्वतःला छेदू नये ही अट किती मोलाची, तेही इथेच कळतं. इंग्रजी आठच्या आकड्यात एका फुग्याचा वळसा दुसऱ्याचा वळसा खोडून टाकतो. बेरीज शून्य होते आणि गोल शेवट हाती लागत नाही.

हॅमिल्टन यांनी १९८२ मध्ये अवकाशाच्याच वक्रतेला असं वाहतं केलं होतं. त्याच वाटेने पुढे ग्रिगोरी पेरेलमान यांनी प्वांकारेचं अनुमान सिद्ध केलं. त्या अवघड वाटेमागचा विश्वास इथे साध्या रेघेवर तपासता येतो : प्रत्येक बिंदूने आपल्यापुरता बाक सावरला, तर सगळी आकृती सावरते.