टुणटुणचा आवाज

आमच्या वर्गात एक अंगाने भरलेली मुलगी होती. तिला ‘टुणटुण’ हे नाव मी ठेवले. आदल्या रविवारी दूरदर्शनवर जुना चित्रपट पाहिला होता, त्याचा हा प्रसाद! वर्ग हसला, तीही हसली. २००३ च्या नोव्हेंबरात खरी टुणटुण वारल्याची बातमी वाचली, तेव्हा मला आधी ती मुलगी आठवली.

टुणटुणचे खरे नाव उमादेवी. उत्तर प्रदेशात आईबापांवाचून वाढलेली ही पोर गाण्याच्या वेडाने मुंबईस आली आणि नौशादपुढे जाऊन उभी राहिली. १९४७ च्या ‘दर्द’मध्ये तिने मुनव्वर सुलतानासाठी गायिलेले गाणे देशभर गाजले. १९५० साली ‘बाबुल’ आला. त्यातही मुनव्वर सुलताना होती, नायिका म्हणून. आणि उमादेवीही होती, हशा पिकवायला. जिचा गळा नायिकेला शोभला, तिचा देह त्याच नायिकेच्या चित्रपटात विनोदाचा विषय ठरला! आपल्या चित्रपटांची सारी दृष्टी या तीन वर्षांच्या अंतरात दिसते.

मग ती केवळ हसण्याची वस्तू होती काय? मला तसे वाटत नाही. गुरुदत्तने तिला ‘आरपार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘प्यासा’ अशा चित्रपटांतून घेतले. तिचे काम जरा नीट पाहावे. लठ्ठपणाचा अभिनय ती करीतच नाही. ती लाजते नायिकेसारखी आणि डाफरते घरधनिणीसारखी. स्वतःविषयी तिला तिळमात्र शंका नसते. शंका आपल्याला असते, आणि हसू तिथून फुटते. शिवाय वाक्य कुठे उचलावे, कुठे टाकावे, हे गाणाऱ्या बाईलाच कळते. पुढे लेखक आळसावले; तिने नुसते दारातून आत यावे, एवढ्यावर त्यांचे भागू लागले. तो दोष तिच्या पदरी घालू नये.

आता मी शिक्षक आहे. वर्गात कुणी कुणाच्या अंगावरून नाव ठेवले, की मी छडी शोधीत नाही. ‘दर्द’मधले ते गाणे ऐकवतो आणि विचारतो, ‘‘गाणारी कशी दिसत असेल?’’ मुले नायिकेचे वर्णन करतात. मग टुणटुणचे चित्र दाखवतो. हसू ओठांपर्यंत येते आणि थांबते.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीला मात्र हे गाणे ऐकवायचे राहून गेले.