मुचलिंद शिल्प, पवनी
भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील बौद्ध स्तूपाच्या स्तंभावरील उत्थित शिल्प. काळ साधारणतः इ. स. पू. दुसरे–पहिले शतक. १९६९–७० मधील उत्खननाने येथील स्तूपावशेष उजेडात आले. बोधिप्राप्तीनंतर सात दिवसांच्या पावसात मुचलिंद नागाने बुद्धावर फणा धरला, हा या शिल्पाचा विषय. तत्कालीन संकेतानुसार बुद्धाची मानवाकृती त्यात नाही. आहे ते रिक्त आसन व त्यावर पाच फणांचे छत्र. ही अनुपस्थिती उणीव वाटत नाही. फणांमुळे दृष्टी त्या मोकळ्या जागेवरच स्थिरावते. कथेतील सर्व तपशील आकृतींत उतरविणारी आजची कथाचित्रे पुष्कळदा मजकुराची पुनरुक्ती ठरतात. काय रेखाटावे याइतकेच काय वगळावे, हे समकालीन चित्रकाराला या शिल्पापासून शिकता येईल.