स्पर्शपरीक्षण आणि 'हातगुण' : कायरोप्रॅक्टिक निदानपद्धतीची चिकित्सा

कोकणात उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याचा प्रघात सर्वपरिचित आहे. सांधा निखळल्याचा संशय आल्यास हाडवैद्याकडे धाव घेतली जाते. मराठीने या विश्वासाला 'हातगुण' असा शब्द दिला आहे. बरे होण्याचे श्रेय तो पद्धतीला न देता व्यक्तीच्या हाताला देतो. कायरोप्रॅक्टिकमधील स्पर्शपरीक्षणाचा विचार करताना हाच मुद्दा कळीचा ठरतो.

डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट येथे या उपचारपद्धतीचा आरंभ केला. तीत चिकित्सक प्रथम कण्यावरून बोटे फिरवून स्नायूंचा ताठरपणा, उष्णता व दुखरी जागा अजमावतो. त्यानंतर रुग्णास वाकवून, वळवून एकेका मणक्याची हालचाल हाताखाली तपासतो.

स्पर्श हे निदानाचे साधन आपल्याकडे नवीन नाही. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही आयुर्वेदातील त्रिविध परीक्षा होय. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार वर्णिलेले असून स्पर्श सहन न होणे, दाबल्यावर आवाज येणे अशी लक्षणेही दिलेली आहेत. यातील पहिले लक्षण रुग्ण स्वतः सांगतो, दुसरे शेजारी उभा असलेलाही ऐकू शकतो. 'हा मणका जखडला आहे' या निष्कर्षाचे तसे नाही. तो केवळ तपासणाऱ्याच्या बोटांनाच ठाऊक असतो.

'स्पाइन' या नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधन-आढाव्याने हा भेद अधोरेखित केला. दाबल्यावर वेदना होते किंवा नाही, याबाबत दोन परीक्षकांत तुलनेने अधिक एकमत आढळते. एकेका मणक्याच्या हालचालीबाबत मात्र ते बरेच कमी असते. विशेष म्हणजे, अनुभवाची वर्षे वाढल्याने हे एकमत वाढत नाही. म्हणजे ज्या अनुभवावर हातगुणाची सारी भिस्त, तोच येथे साक्ष देत नाही! अर्थात, एवढ्यावरून स्पर्श त्याज्य ठरविणे हा उतावीळपणा होईल. दुखरी जागा शोधण्यास व रुग्णाला बोलते करण्यास हाताइतके सुलभ साधन दुसरे नाही.

प्रश्न गंभीर होतो तो त्यापुढे. मणक्याचा क्षय किंवा वार्धक्यात ठिसूळ झालेल्या हाडाचा अस्थिभंग यांतही पाठ दुखते व स्नायू ताठरतात. बोटांना फरक कळेलच असे नाही. अशा कण्याला झटका दिल्यास मज्जारज्जूला इजा होऊ शकते. कणकवली तालुक्यातील तळेरे येथून विशेषज्ञाच्या तपासणीसाठी कणकवली, ओरोस किंवा घाट ओलांडून कोल्हापूर गाठावे लागते. त्यामुळे जवळच्या हातावर विसंबणे स्वाभाविक आहे. तथापि ताप, घटणारे वजन, पायांतील बधिरता वा लघवी अडणे यांविषयी विचारल्याखेरीज तो हात पाठीवर पडता कामा नये. त्रिविध परीक्षेतील 'प्रश्न' हा भाग हाडवैद्य आणि कायरोप्रॅक्टर या दोघांनाही तितकाच बंधनकारक आहे.